तानुअक्काच्या दुधाचं पनीर

फडकं पिळलं तसं तानुअक्काच्या दुधाचं पनीर भुसभुशीत होऊन बोटांमधून परातीत सांडलं. बाकी चौघींचे गोळे शेजारी घट्ट बसले होते. भडगावजवळच्या आमच्या गावातल्या बायका शेळीच्या दुधाचं पनीर करून जळगावला पाठवतात. सगळ्यांचं दूध एकत्र करूनच फाडायची रीत. पण काही दिवस पनीर सुटं होत होतं, म्हणून गटाची प्रमुख दिपमाला हिने त्या सकाळी प्रत्येकीचं वेगळं फाडायला लावलं.

"अक्का, पानी टाकेल शे ना?" दिपमाला म्हणाली.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी अक्काची शेजारीण, गटात नाही. पण हे कानावर आलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गल्लीत भांडण झालं की आधी अक्काला विचारतात आणि ती म्हणेल ते दोन्ही बाजू मानतात. नवऱ्यामागे तिने शेळ्यांवर घर चालवलं, पण कधी मापात पाप केलं नाही.

कर नाही त्याला डर कशाला. दुसऱ्या दिवशी अक्काने सगळ्यांना अंगणात बोलावून त्यांच्या देखत आपल्या नुकत्याच व्यालेल्या, सध्या एकट्याच दुभत्या शेळीला, कबरीला पिळलं. तिथेच चूल पेटवून ते दूध फाडलं, तर पुन्हा तेच. मग पाण्याचं बोलणं मिटलं आणि केळीच्या खांबांचं सुरू झालं. आमच्याकडे घड उतरवला की खांब फुकट मिळतात. ते चारले की दूध वाढतं पण पाणचट होतं, असं सगळे मानतात. अक्का चोरून तेच चारत असणार, असं बायकांनी ठरवूनही टाकलं.

"मी खांब चारत नही," अक्का म्हणाली. "कानबाईनी आन शे."

श्रावणात अक्काच्या घरी कानबाई बसते आणि याच बायका तिथे पाया पडायला जातात. तरी एकीनेही 'बरं' म्हटलं नाही. तिचं दूध घेणं बंद झालं. अक्का कबरीचं दूध चहाला वापरू लागली आणि गल्लीत यायची-जायची कमी झाली.

पुढे शेळ्यांच्या लसीकरणाला नूतन नावाच्या गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी हा प्रकार ऐकला आणि कबरीचं रक्त तपासायला धुळ्याला नेलं. पुन्हा आल्या तेव्हा सगळ्यांना बसवून समजावलं, की पनीर घट्ट धरणारं एक प्रथिन काही शेळ्यांच्या दुधात जन्मतःच कमी उतरतं. ते आईबापांकडून येतं, त्यात चाऱ्याचा आणि पाण्याचा काही संबंध नाही. प्यायला हे दूध चांगलंच आहे.

संध्याकाळी बायका अक्काच्या ओट्यावर आल्या. दिपमालाने हात जोडले, चुकलं म्हणाली, उद्यापासून गटात या म्हणाली. अक्काने सगळ्यांना चहा दिला. स्वतः मात्र घेतला नाही.

"बकरीना रगतवर तुमना इसवास बठना," ती म्हणाली. "मना शब्दवर नही बठना."

अक्काने रिकामे कप गोळा केले आणि ते विसळायला आत गेली.