हलकी टाकी

सकाळी दुकान झाडताना वहिनींनी कोपऱ्यातली गॅसची टाकी बाजूला सारायला घेतली, तर ती एका हाताने उचलली गेली. इतकी अलगद, की त्यांचाच तोल गेला.

दुकान एसी-फ्रिज दुरुस्तीचं. फोन घेणं, गिऱ्हाइकांना वेळ देणं आणि त्यांची बोलणी खाणं वहिनींकडे. पाना-पकडीचं काम धाकट्या दिराकडे. एका जुन्या एसीतला वायू मोकळा सोडला तर महिनोन्‌महिने गाडी पळवल्याइतकी हवा तापते, हे कळल्यापासून वहिनींची झोप उडाली होती. इतकी वर्षं त्या घरभर फिरून दिवे बंद करत होत्या, कापडी पिशवी विसरली तर भाजी ओच्यात घेऊन येत होत्या, आणि इकडे त्यांच्याच दुकानाचा माणूस दारोदार जाऊन फुस्स करून येत होता! नवऱ्यामागे भुणभुण लावून त्यांनी वायू ओढून टाकीत भरायचं मशीन घ्यायला लावलं. अख्खा उन्हाळा दीर ते मशीन आणि ही टाकी इमानेइतबारे गाडीत घालून नेत होता.

"काय रे, ही टाकी रिकामी कशी?"

"रिकामी नाही वहिनी. गॅस हलकाच असतो."

"मला शिकवतोस? भरलेली टाकी येते तेव्हा कण्हत उचलतोस. तेव्हा काय त्यात दगड असतात?"

दीर हसला. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तो शाळेत होता. आता टक्कल पडायला लागलं, पण पकडला गेल्यावरचं हसू तेच.

"अहो, नेतो ना मी मशीन. गिऱ्हाइकासमोर मांडूनही ठेवतो. लोक म्हणतात, वा, काय आधुनिक!"

"आणि चालू कधी करतोस?"

"वेळ कुठाय? लोक घामाने निथळत डोक्यावर उभे असतात."

वहिनींनी झाडू भिंतीला टेकवला, दुकानाला कुलूप घातलं आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. दिराला काय समजायचं ते समजलं.

काम तिसऱ्या मजल्यावर होतं. जुना एसी कायमचा बंद पडलेला, तो काढून नवा बसवायचा. दार घरमालकांनी, एका म्हाताऱ्या काकांनी उघडलं. आतल्या खोलीत काकू कपाळावर ओला रुमाल ठेवून पडल्या होत्या. पाय सुजलेले, धाप लागलेली. दिराने गॅलरीत मशीन मांडलं, नळ्या जोडल्या आणि पहिल्यांदाच ते चालू केलं. घरघर सुरू झाली. त्या उन्हात मशीनही धापा टाकत होतं.

"किती वेळ?" काकांनी विचारलं.

"अर्धा तास, काका. मग नवा लावतो."

"अर्धा तास? आमच्या शेजाऱ्यांकडे तर तुम्ही दोन मिनिटांत गॅस सोडून दिला होता!"

दीर नळीकडे बघत बसला. वहिनींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर लोकांच्या घरात तमाशा झाला असता.

"ती आजारी आहे हो," काकांचा आवाज खाली आला. "द्या ना सोडून. एका एसीने काय जगबुडी येणार आहे?"

उत्तर वहिनींकडे होतं. आरशासमोर, फोडणी देताना, किती वेळा म्हणून ठेवलेलं. पण काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटेना. आजारी बाईला उकाड्यात तिष्ठत ठेवणारी बाई! त्यांना स्वतःचाच संताप आला. तरी 'सोड' म्हणायला जीभ रेटेना. शेवटी त्यांनी नव्या एसीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि काकूंच्या उशाशी बसून वारा घालायला लागल्या.

"तुम्ही मालकीणबाई का?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"छे. मी दुकानातली कटकट."

काकूंच्या ओठांचा कोपरा हलला. "घाला घाला. बरं वाटतंय. आमच्याकडे कटकटीचं खातं माझ्याकडे आहे."

तेवढ्यात समोरच्या इमारतीतून 'फुस्स' ऐकू आलं. लांबलचक. वहिनी पुठ्ठा घेऊनच गॅलरीत धावल्या. समोरच्या गॅलरीत दुसऱ्या दुकानाचा मेकॅनिक, दिराचा दोस्त, एसीची नळी मोकळी करून आरामात उभा होता.

"अरे ए, बंद कर ते!" दीर ओरडला. मनापासून की वहिनींच्या धाकाने, त्याचं त्यालाच ठाऊक. "मशीन आणून देतो माझं!"

समोरच्याने वहिनींना बघितलं आणि पोट धरून हसला. "आज वहिनी आल्यात होय सोबत! चालू दे, चालू दे. त्या गेल्या की ये चहाला."

फुस्स चालूच राहिलं. वहिनींना वाटलं, ही एवढीशी नळी आपण पकडून बसलोय, आणि बाकीच्या गावभरच्या गॅलऱ्यांचं काय? हातातला पुठ्ठा समोर भिरकावून द्यावा आणि घरी जाऊन निजावं.

दिराचे कान लाल झाले होते. वाकून त्याने मशीनची नळी तपासली, एक जोड पुन्हा आवळला. आतून काका आले.

"झालं का हो? अजून किती?"

वहिनींनी तोंड उघडलं, पण दीर आधी बोलला, जरा घुश्शातच.

"लागेल तेवढा वेळ लागेल, काका. वहिनी, तुम्ही आत जा, वारा घाला."