जपून ठेवलेली तबकडी

झुलालनाना आणि रुपचंदशेठ यांचं वेड पिंप्राळा गावाने कधीच हसण्यावारी नेलं होतं. जळगावात कापडाचं दुकान असलेला रुपचंद दर रविवारी बगलेत गाण्याच्या तबकड्या मारून यायचा आणि झुलालच्या ओसरीवर फोनोसमोर दोघांची जुंपायची. रुपचंदकडे ठुमऱ्या, कव्वाल्या, मारवाडी लग्नगीतं, शिवाय गोऱ्यांच्या पलटणीचा बँड. झुलालकडे नाटकातली पदं, भजनं आणि चारचौघांत न वाजवण्याजोग्या लावण्या. दुसऱ्याजवळ नसलेला प्रकार ज्याच्याकडे निघेल, तो त्या दिवशी जिंकला.

एक तबकडी मात्र झुलालने कधी डावाला लावली नाही. कुठल्याशा कंपनीची माणसं गावोगावची गाणी भरून घेत जळगावला आली होती, तेव्हा त्याच्या बायकोने, यशोदाबाईने म्हटलेलं कानबाई देवीचं गाणं तिच्यावर होतं. पुढच्याच साली ती तापाने गेली. सुईने तबकडी झिजते, हे झुलालच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आधी तो कानबाईच्या सणाला ती एकदा वाजवायचा, मग तेही जिवावर यायला लागलं. शेवटी फडक्यात गुंडाळून त्याने ती माळ्यावरच्या पेटीत टाकली. या शहाणपणाला काय म्हणावं!

आई गेली तेव्हा लेक बेबाबाई रांगत होती. आता वैशाखात तिचं शिरपूरला लग्न होतं. तिने ना साडी मागितली ना दागिना, तिला ऐकायचा होता आईचा आवाज. हळदीच्या आदल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आबा, जावाना आगोदर माले मायना आवाज आयकाडा."

झुलालने पेटी उघडली. पत्र्याखालच्या इतक्या उन्हाळ्यांनी तबकडी पापडासारखी वाकली होती. रुपचंद लग्नाच्या कामाला आलेलाच होता, त्याने धीर दिला. तबकडी दोन काचांमध्ये धरायची, वर वीट ठेवायची, घटकाभर ऊन द्यायचं आणि नरम पडताच सावलीत आणायची. त्याने कैक तबकड्या अशा सरळ केल्या होत्या. अंगणात तसं सगळं मांडून दोघे ओसरीवर टेकले.

नुसतं बसवतं कुठे? रुपचंदने नवी आणलेली कव्वाली लावली. झुलालने नाटकातल्या पदाने उत्तर दिलं. पदात एवढा दर्द कुठे, असं रुपचंद बोलला आणि झुलालला ते झोंबलं. कव्वाली पुन्हा वाजली, मग पुन्हा, झुलाललाही मान डोलवावी लागली. दोघं रंगात आले आणि खानदेशातलं ऊन अंगणात आपलं काम करत राहिलं.

आठवण झाली ती बेबाबाईला. वीट उचलली तेव्हा तबकडी सरळ झाली होती, पण तिच्यावरच्या रेघाही विरघळून गेल्या होत्या. तरी झुलालने सुई टेकवली. नुसती खरखर आली. मध्येच कुणीतरी विहिरीतून हाक मारावी तसा सूर निघाला आणि बुडाला.

"हाऊ मायना आवाज शे का?" बेबाबाईने विचारलं.

तो तिचाच का, हे झुलालला सांगता येईना. इतकी वर्षं जपता जपता तो आवाज त्याच्याही कानातून गेला होता. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

ती रडली नाही. "मंग तुम्हीच म्हनी दाखाडा, आबा. चाल तरी समजू द्या."

शब्द त्याला पाठ होते. त्याने डोळे मिटले आणि कानबाईचं गाणं सुरू केलं. बेबाबाई समोर बसून जिवाचा कान करून ऐकत होती, ओठांनी त्याच्यामागून म्हणत होती. दोन कडवी झाली, तसा रुपचंदने त्याचा हात धरला.

"झुलालभाऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "ही चाल मघाच्या माझ्या कव्वालीची आहे."