चौदा मडक्यांचा न्याय

रविवारची चर्चमधली मिस्सा संपून तास होऊन गेला तरी गाव घरी परतलं नव्हतं. सेंट ॲग्नेस मुलींच्या हायस्कूलच्या हॉकी मैदानावर हजारभर माणसं दाटली होती. कोणी कुंपणाच्या भिंतीवर चढलेलं, कोणी गोलपोस्टला लटकलेलं. मैदानाच्या मधोमध चुन्याचं रिंगण होतं आणि त्यात चौदा मडकी ओळीनं मांडलेली. प्रत्येक मडक्यात पाणी, पाण्यात सालवृक्षाची एकेक फांदी, आणि मडक्यावर खडूनं लिहिलेलं शाळेतल्या एकेका बाईचं नाव. तेरा फांद्या हिरव्यागार होत्या. चौदावीची पानं वळून, मान टाकून लोंबत होती.

त्या मडक्यावर नाव होतं बिबियाना सोरेंग. मुलींच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण.

"बघा! डोळे असतील तर बघा!" गावचा भगत मोरपिसांचा कुंचा नाचवत ओरडला. "तीन दिवस नि तीन रात्री मी इथं चटई टाकून पहारा दिलाय. माणूस सोडा, मुंगीला फिरकू दिली नाही! पाणी एका विहिरीचं, फांद्या एका झाडाच्या, मडकी एका कुंभाराची. मग ही एकच का वाळली? बोला सिंगबोंगा की जय! बोला येशू-मरियम की जय! बोला काली मैया की जय!"

आदिवासींचा सिंगबोंगा असो की आणखी कुणी, कुठल्याच गिऱ्हाइकाचा देव सुटू नये याची भगत फार काळजी घेत असे. अंगात जुना खाकी कोट आणि डोळ्यांवर काळा चष्मा. माझ्या नजरेचं तेज माणसाला सोसत नाही म्हणून चष्मा लावतो, असं तो सांगायचा. जवळून पाहिलं तर डोळे आलेले दिसत.

व्हरांड्यात उभी असलेली अगुस्तिना टेटे त्या वळलेल्या पानांकडं बघत होती. ती याच शाळेत शिकली, इथंच बांबूच्या काठीनं हॉकी खेळली, आणि गेली आठ वर्षं इथंच नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवत होती, वसतिगृहाची देखरेखही तिच्याकडंच. चौदा मडक्यांतलं एक तिच्याही नावाचं होतं. मडकी मांडायला होकार देणाऱ्यांतही ती होती. "ठेवू दे त्याला मडकी," मुख्याध्यापिका सिस्टर एमेरेन्सिया म्हणाल्या होत्या. "चौदाही हिरव्या राहतील आणि लोकांची तोंडं आपोआप बंद होतील." अगुस्तिनाला ते पटलं होतं. पाण्यातली फांदी तीन दिवसांत वाळेलच कशी? आणि आता ती वाळली होती.

हे सगळं सुरू झालं प्रिस्का डुंगडुंगपासून. प्रिस्का नववीतली, शाळेच्या संघाची गोलकीपर. मागच्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत तिनं तीन पेनल्टी अडवल्या आणि बक्षिसाचा बोकड शाळेत आला, तेव्हा पोरींनी तिला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं होतं. सप्टेंबरच्या शेवटी तिला ताप भरला. आरोग्य केंद्राच्या नर्सनं बोट टोचून रक्त तपासलं, मेंदूत चढू शकणारा मलेरिया निघाला, औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तिची आई सालोमी वसतिगृहाच्या दारात हजर. "पोरगी तापानं बरळतीय मिस, हे गोळ्यांचं काम नव्हे. भगताकडून झाडून आणते, परवा परत सोडते." अगुस्तिनानं खूप समजावलं, पण शेवटी आई ती आई, असं म्हणून तिनं गेटपासावर सही केली. भगतानं मिरच्यांच्या धुरात पोरीला रात्रभर बसवलं. सकाळी प्रिस्काला झटके आले. दुपारी ती गेली.

मग भगताला कारण हवं होतं. त्यानं ते तेराव्या दिवशी दिलं: पोरीला चेटकिणीनं खाल्लं, आणि ती चेटकीण तिला रोज स्वतःच्या हातानं जेवू घालत होती. पटत नसेल तर शाळेतल्या चौदाही बायांच्या नावानं मडकी मांडा, जिची फांदी वाळेल ती चेटकीण.

हे त्याच्या कानात कुणी घातलं ते पुढं कळायचं होतं.

"आणा तिला!" भगत किंचाळला.

आणायला माणूस तयारच होता. फाबियन सोरेंग, बिबियानाचा धाकटा दीर. तो स्वयंपाकघरात शिरला आणि चुलीपाशी मडुव्याच्या, म्हणजे नाचणीच्या भाकरी थापत बसलेल्या बिबियानाला झिंज्या धरून बाहेर ओढत आला. तिच्या हाताला अजून पीठ होतं.

"फाबियन, अरे मी तुझी भाभी! तुला अंगाखांद्यावर खेळवलंय रे!"

"म्हणूनच माझा भाऊ लवकर मेला!" फाबियननं तिला मडक्यांपुढं आपटलं.

अठरा वर्षं या बाईनं पाचशे पोरींचं रांधलं होतं. कुणाला ताप आला की पेज, कुणी परीक्षेत नापास झाली की गुपचूप एक अंडं. पोरी तिला बिबी मौसी म्हणत. आता त्याच पोरींचे बाप आणि काका तिच्याभोवती रिंगण धरून उभे होते. गळ्यात क्रूस, हातात दगड.

पहिला वार मात्र सालोमीनं केला. तिच्या हातात जळाऊ लाकूड होतं. "माझी पोरगी दे! दे माझी पोरगी!" असं म्हणत तिनं ते खाली आणलं. बिबियानानं डोक्यावर हात घेतला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला.

अगुस्तिना धावली. धावताना तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी आलं. शाळेला नव्वद वर्षं झाली म्हणून तिनं शाळेचा इतिहास लिहायला घेतला होता. बेल्जियमहून आलेल्या तीन सिस्टर, पहिल्या तुकडीतल्या सात मुली, फी म्हणून प्रत्येकीनं आणलेले पसाभर तांदूळ. जुन्या रोजनिशीत तिला आणखी एक नोंद सापडली होती: वसतिगृहाची पहिली खोली बांधली ती मुलींसाठी नव्हेच, चेटकीण ठरवून गावानं हाकललेल्या दोन बायकांसाठी. "हे कशाला छापतेस? गावाची बदनामी," सिस्टर म्हणाल्या, आणि अगुस्तिनानं ते पान काढून टाकलं होतं. जे पान तिनं काढलं ते आता मैदानात चालू होतं.

"थांबा! अरे, बाई मरेल!"

कुणाचा तरी ठोसा तिच्या तोंडावर बसला. तोंडात रक्ताची चव आली, जिभेला तुटलेला दात लागला. ती पडली आणि पडल्या पडल्याच सरपटत बिबियानापाशी पोचली. तिला पोटाशी धरलं. पाठीत एक दगड बसला, मग दुसरा.

"मिस, हिच्यापासून लांब हो!" फाबियननं कुऱ्हाड उचलली होती. "नाहीतर तूही जाशील!"

एवढ्यात शाळेची घंटा वाजू लागली. वेड्यासारखी, न थांबता. सिस्टर एमेरेन्सिया स्वतः दोरी ओढत होत्या. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनवर पोलीस ठाण्याच्या नावानं त्या जे बोलत होत्या ते सिस्टरच्या तोंडी कुणी कधी ऐकलं नव्हतं. घंटेसरशी वसतिगृहाचं दार उघडलं आणि हॉकीच्या पोरी बाहेर पडल्या. सतरा-अठरा जणी, हातात काठ्या. पुढं कॅप्टन अलका बिलुंग, दहावीतली, काडीसारखी. त्या गर्दी फाडत आल्या आणि दोघी बायकांभोवती पाठ करून उभ्या राहिल्या.

"बाजूला हो गं अलका!" गर्दीतून तिचा काका ओरडला. "घरी ये, टांगडं मोडतो तुझं!"

"आधी फाबियनकाकाला कुऱ्हाड खाली ठेवू दे. मग माझं टांगडं मोड."

फाबियन पुढं आला. अलकाची काठी जमिनीलगत फिरली आणि त्याच्या नडगीवर बसली. तो कोलमडला, कुऱ्हाड हातातून उडाली. मग दगड सुरू झाले. एका पोरीचं कपाळ फुटलं, दुसरी गुडघ्यावर बसली, पण रिंगण मोडलं नाही. एक धोंडा चुकून मडक्यांवर आला. चौदावं मडकं फुटलं, पाणी चुन्यात पसरलं, आणि वाळकी फांदी घरंगळत अगुस्तिनाच्या तोंडापुढं येऊन पडली.

तिनं फांदीचा बुडखा पाहिला. लाकूड दिसायला हवं होतं, पण तिथं तांबूस, चकचकीत काहीतरी होतं. टोपण घातल्यासारखं.

मागच्याच महिन्यात तिनं नववीच्या वर्गात दोन बाटल्यांत दोन फांद्या ठेवल्या होत्या. एकीचं टोक उघडं, दुसरीच्या टोकाला मेणबत्तीचं मेण.

ती उठून उभी राहिली. हनुवटीवरून रक्त गळत होतं. "अलका! दुसऱ्या मडक्यातली उपस! फांदीचा बुडखा बघ!"

अलकानं हिरवी फांदी उपसली. "पांढरा आहे मिस! ओला."

"पुढची?"

"पांढरा!"

"पुढची?"

पोरी भराभरा फांद्या उपसू लागल्या. पांढरा, पांढरा, पांढरा. दगड मारणाऱ्यांचे हात कुतूहलानं का होईना, थबकले.

"फांदी बुडख्यातून पाणी पिते," अगुस्तिना ओरडून म्हणाली. "हिचं तोंडच बांधलंय! तीन दिवस गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती आणि तहानेनं वाळली. काडेपेटी द्या कुणीतरी!"

पुढं आले मतियस आजोबा. सगळा जन्म कुसुमाच्या झाडांवर लाख पिकवण्यात गेलेला. त्यांनी बिडीची काडी ओढली आणि बुडख्याला धरली. तांबूस टोपण वितळून थेंब थेंब गळू लागलं. जळक्या लाखेचा वास पसरला. त्या गावात तान्ह्या पोरालाही तो वास ओळखू येतो.

"लाख आहे," मतियस आजोबा म्हणाले. "ताजी. कुणी तरी मुद्दाम लावलीय."

"चेटकिणीनंच लावली!" भगत तत्काळ म्हणाला. "बघा तिची माया! मला झोप आणली आणि—"

"झोप?" अलका गर्रकन वळली. "आत्ता म्हणालास ना, मुंगीला फिरकू दिली नाही? तू जागा होतास की झोपला होतास, एक काय ते ठरव!"

गर्दीत कुणीतरी फसकन हसलं. इतकी वर्षं भगताला कुणी उलटा प्रश्नच विचारला नव्हता.

"आणि बिबी मौसी स्वतःचीच फांदी वाळवील?" अगुस्तिना म्हणाली. "लावायचीच होती तर माझ्या फांदीला लावली असती!"

मतियस आजोबा भगताकडं बघतच नव्हते. ते नडगी धरून बसलेल्या फाबियनकडं बघत होते. "या मोसमात गावात लाख उतरवलीय दोघांनीच. एक मी. आणि दुसरा तू. भाभीच्या शेतातल्या कुसुमांची, तिला न विचारता. ती पंचायतीत जाणार म्हणत होती ना?"

फाबियननं आपली बोटं मुठीत लपवली. त्यानं बोलायची गरज उरली नव्हती.

पुढचा क्षण आधीच्यापेक्षा वाईट होता. जी गर्दी बिबियानावर धावली होती तीच आता भगतावर कोसळली. चष्मा पायाखाली चुरला, कोट फाटला, कुणी त्याच्या छातीत लाथ घातली, कुणी त्याचीच मोरपिसं त्याच्या तोंडात कोंबली. मघाशी ज्यांनी "येशू-मरियम की जय" म्हटलं होतं त्यांच्याच हातात आता तेच दगड होते. सालोमी सगळ्यांत पुढं.

अगुस्तिना पुन्हा धावली आणि त्या रक्तबंबाळ माणसावर आडवी झाली.

"सोड मिस! यानं पोरगी मारली!"

"मारायचं नाही!"

"का नाही? त्यानं फसवलं आम्हाला!"

"मघाशी तुम्ही त्याचं ऐकून दगड उचलले, आता माझं ऐकून उचललेत," तिचा आवाज फाटला. "उद्या आणखी कुणी येईल, त्याचंही ऐकाल. हातातला दगड तोच, फक्त समोरचं माणूस बदललं! त्याला कोर्टात उभा करा. विचारा. सगळ्यांसमोर विचारा."

दगड लगेच पडले नाहीत. एकेक करून, लाजल्यासारखे पडले. अर्ध्या तासानं पोलिसांची जीप आली.

फाबियन आणि भगत दोघंही तुरुंगात गेले. भगतानं पहिल्याच जबाबात सगळं ओकून टाकलं: बिबियानाचं नाव फाबियननं सुचवलं, लाखही त्याचीच; फाबियनला शेत हवं होतं आणि भगताला स्वतःला प्रिस्काच्या मरणाचा ठपका दुसऱ्या कुणावर ढकलायचा होता. सालोमीवरही गुन्हा नोंदला, ती जामिनावर सुटली. बिबियानाचं मनगट वाकडं जुळलं. दोन महिन्यांनी ती स्वयंपाकघरात परतली, पण गावातल्या ओळखीच्या माणसाचा मागून आवाज आला तरी अंग चोरायची. ते काही पुन्हा सरळ झालं नाही.

जामिनावर सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सालोमी शाळेत आली. आधी वसतिगृहात पडून असलेल्या बिबियानाच्या पायाशी बसली. बिबियानानं पाय ओढून घेतले नाहीत. मग सालोमी अगुस्तिनाकडं वळली.

"मिस, चेटकीण नव्हती, हे कळलं. मग माझी पोरगी कशानं गेली?"

अगुस्तिनाला खोटं बोलता आलं असतं. देवाची इच्छा म्हणता आलं असतं. शाळेच्या भिंतीवर तसं जागोजागी लिहिलेलंच होतं.

"मलेरियानं," ती म्हणाली. "औषध लागू पडत होतं. आणखी चार दिवस पुरतं मिळालं असतं तर बहुधा वाचली असती. तू न्यायला आलीस आणि मी सही केली. मी गेट उघडायला नको होतं. आपण दोघींनी तिला धुरात पाठवलं."

सालोमीनं तोंडात पदर कोंबला आणि जे रडली ते पोरगी पुरतानाही रडली नव्हती.

पुढच्या जुलैत शाळेत पालकांची सभा भरली. नर्स मच्छरदाण्या वाटत होती आणि निम्मे लोक गप्पा मारत होते. सालोमी मागच्या बाकावरून उठली. पाचशे माणसांसमोर ती आयुष्यात बोलली नव्हती.

"मी प्रिस्काची आई," ती म्हणाली, आणि सभा गप्प झाली. "माझ्या पोरीला कुणी खाल्लं नाही. तिला ताप होता, तापावर औषध होतं, आणि ते मी बंद केलं. मग त्याचा राग मी एका गरीब बाईच्या हातावर काढला. तुमच्या पोरींना ताप आला तर आधी रक्त तपासा, गोळ्या संपेपर्यंत द्या. आणि कुणी येऊन म्हणालं की अमक्या बाईनं केलंय, तर त्याला एवढंच विचारा, कशावरून? मोठ्यानं विचारा, चारचौघांत विचारा. तो मोठा असो, कुणाच्याही नावानं जयजयकार करत असो."

ती खाली बसायला वाकली, पुन्हा सरळ झाली.

"मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली.