त्रेचाळिसावं पत्र

कचेरीतले हेडक्लार्क, बडे बाबू, निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी दिलेलं निरोपाचं पत्र बायकोने फ्रेम करून भिंतीवर लावलं. त्यांची लेक त्याच कचेरीच्या कामासाठी तिथल्या जुन्या पत्रांतला पुन्हा पुन्हा येणारा मजकूर शोधणारा प्रोग्राम लिहीत होती. सर्वांत लांब तुकडा निघाला तो ‘तुमच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही’पासून सहीपर्यंतचा, त्रेचाळीस पत्रांत जसाच्या तसा, शेवटचं पत्र बाबांचं. पुन्हा न होणारी माणसं दरवर्षी एक-दोन होतच होती!

लेकीने चाचरत सांगितलं. बाबू हसले. “अगं वेडे, मजकूर माझाच. सगळ्यांची पत्रं मीच टाइप करायचो.”

“आणि तुमचं, बाबा?”

“तेही मीच. साहेब म्हणाले, तुमचंही उरकून टाका. वाटलं, सही करताना एखादी ओळ तरी स्वतःची घालतील.”

बायको फ्रेमची काच पुसतच राहिली, फक्त जरा जास्तच जोरात.