राहीबाईचा न केलेला उपास

आठवड्याचे वार सात आणि राहीबाईचे उपास आठ, असं वाडीत गमतीने म्हणत. सोमवार झाला की गुरुवार, गुरुवार झाला की चतुर्थी नाहीतर एकादशी. बाई हळू आवाजाची. माणसांपेक्षा देवाशीच जास्त बोलायची.

त्या वर्षी कार्तिकात तिने नेहमीच्या उपासांवर आणखी एक व्रत धरलं होतं: अयाचित. महिनाभर कोणाकडे खायला मागायचं नाही. कोणी आपणहून दिलं तरच खायचं. आजवरची व्रतं नवऱ्यासाठी, लेकरांसाठी झाली. हे पहिलंच, नुसतं देवासाठी. ते पुरं व्हावं म्हणून तिचा जीव लागला होता. घरी अडचण नव्हती. सून आवडी ताट वेळेवर पुढे ठेवायची. बाहेर मात्र राहीबाईने अवाक्षर काढलं नव्हतं. व्रताची दवंडी पिटू नये.

कार्तिकात एकदा सावित्री नदीच्या काठाने वर चढून जुन्या चौकीत दिवा लावायचा, ही वाडीची रीत. पूर्वी महाडच्या बंदरातलं मीठ बैलांवर लादून याच वाटेने घाटावर जायचं, आणि बैलवाले रात्री त्या लाकडी चौकीत मुक्काम करायचे. आता पोलादपुरावरून एस.टी. धुरळा उडवत घाट चढते, म्हणून वाट ओस पडलेली.

त्या बुधवारी राहीबाईची पूजा आटोपते न आटोपते तोच शेजारची ठमाबाई दारात हजर. सोबत तिचा नवरा सोनबा, मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला.

"चल गो वयनी, ऊन व्हईल!"

राहीबाई उपाशीपोटीच निघाली. आवडीने मागून धावत येऊन भाकरीची पुरचुंडी हातात कोंबली, म्हणून तिला घोर नव्हता.

पाणी आरशासारखं नितळ होतं. तळातले गोटे दिसत होते. सोनबा पुढे काठी आपटत, "काय हवा हाय! एकदम फर्स्टक्लास!" म्हणत चालला होता. नदी दुसऱ्यांदा ओलांडताना शेवाळलेल्या दगडावरून राहीबाईचा पाय सटकला. ती सावरली, पण पुरचुंडी सुटली आणि डुलत डुलत धारेला लागली. सोनबा काठी घेऊन धावला.

"ऱ्हाऊ द्या ओ," ठमाबाई म्हणाली. "उपासाची रताळी असतील. मासे खातील नि पुण्य घेतील."

राहीबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. 'त्यात भाकरी होती' असं म्हणणं म्हणजे मागच्या दाराने मागणंच की! देवाला ते कळल्याशिवाय राहील का?

डोहापाशी न्याहारीला बसले. ठमाबाईने फडकं सोडलं. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं. त्या बिरड्याच्या वासाने राहीबाईच्या पोटात कावळे कोकलू लागले. ती मनात म्हणाली, आता ठमी विचारील.

ठमाबाई विचारती झाली नाही. उलट म्हणाली, "वयनी, जरा तिकडं तोंड करून बस. उपासाच्या माणसासमोर घास गिळवत नाय."

राहीबाईने निमूट डोहाकडे तोंड केलं. मागून सोनबाचा भरल्या तोंडाचा आवाज आला, "अशा बाईसंगत चाललं तरी पुण्य लागतं बघ."

"मंग तुम्ही पण करा की येक उपास!"

"मी? मला पित्त होतं."

पुढची चढण राहीबाईने नामाच्या जोरावर काढली. एकेका पावलाला एकेक नाम. शेवटी शेवटी नामातही बिरडं येऊ लागलं, तेव्हा तिने स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारून घेतली.

चौकी आली. सागाचे जाड खांब, बैलांच्या दाव्यांनी घासून खांबांना पडलेल्या खोबणी, वर गवताचं छप्पर. चौकी राखणारी म्हातारी बनुबाई पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन बाहेर आली. गुळाचा खडा राहीबाईच्या तळहातावर टेकणार, इतक्यात ठमाबाई ओरडली, "तिला नको गो! तिचा उपास हाय!"

बनुबाईने हात मागे घेतला.

देवा, राहीबाई मनात म्हणाली, परीक्षा तू घेतोस का ही ठमी घेते?

दिवा लागला. बनुबाईने चुलीवरून भात उतरवला आणि पळसाची पानं मांडली. तीनच. भातावर कुळथाची वाफाळती पिठी पडली. राहीबाई दिव्यापाशी वात सारत बसली. वात केव्हाच नीट झाली होती.

"कसला गो उपास आज? बुधवारचा?" बनुबाईने विचारलं.

"तिला वार लागत नाय," ठमाबाई म्हणाली.

"मी तुला नाय इचारलं. हिला इचारते. काय गो बाय, उपास हाय का तुझा?"

राहीबाईचा हात वातीवरच थांबला. हे मागणं होईल का? पण विचारल्यावर खोटं बोलणं तर त्याहून वाईट.

"नाय," ती हळूच म्हणाली. "आज माझा उपास नाय."

सोनबाचा घास वाटेतच राहिला.

"अगो मंग सकाळधरनं बोलली का नाय?" ठमाबाई किंचाळली.

"कोणी विचारलंच नाय."

 मग बनुबाई जी हसत सुटली, ती खांबाला टेकून खाली बसली. ठमाबाईने कपाळावर हात मारला, स्वतःचं पान उचलून राहीबाईपुढे सरकवलं आणि डोळे पुसत म्हणाली, "मी मेली तोंड फिरवायला लावत व्हते! खा आधी. खा."

राहीबाईला सारं सांगावं लागलं. दवंडी पिटली गेली ती गेलीच. पण व्रत शाबूत होतं. तिने मनोमन हात जोडले आणि पहिला घास घेतला. पिठी तिखट होती. तिने तीनदा भात खाल्ला. तिन्ही वेळा वाढलं ते ठमाबाईने, न विचारता.

कार्तिक सरेपर्यंत रोज दुपारी ठमाबाई परड्याच्या दगडी गडग्यावरून साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक घालायची, "वयनी गोऽऽ, जेवलीस का नाय?" आणि राहीबाई आतून, जमेल तितक्या मोठ्याने, ओ द्यायची.