कस्टर्डच्या टपरीपर्यंत

लोवेल स्टम्बोने आपल्या नोव्हा गाडीचे दोन्ही मोठे कार्ब्युरेटर उतरवले, बाकावर ठेवले आणि वर जुनं पोतं टाकलं. मेलेल्याचं तोंड झाकावं तसं. गॅरेजच्या दारात डेन्व्हर थबकला. तीस वर्षांचा दोस्त, पण दुसऱ्याच्या इंजिनाला त्याने कधी न विचारता हात लावला नव्हता. तोंड मात्र विचारून उघडायची सवय नव्हती.

"कोण गेलं रे?"

"कुणी नाही. लहान बसवतोय."

डेन्व्हरने नव्या जोडीतला एक कार्ब्युरेटर उचलून उलटासुलटा पाहिला. "टनेल रॅमवर हे? त्यापेक्षा आईचं शिलाई मशीन बसव ना. निदान पडदे तरी शिवून होतील."

"रविवारी ग्लेना येतेय."

डेन्व्हरने कार्ब्युरेटर हळूच खाली ठेवला. ग्लेना म्हणजे लोवेलची बायको. कागदावर आता नव्हती. नदीपलीकडे केंटकीत, बहिणीच्या शेजारी घर घेऊन राहत होती.

"परत येतेय?"

"फिरायला येतेय. इकडे कस्टर्डच्या टपरीपर्यंत. गाडी सिग्नलला बंद पडली तर तिथेच उतरून चालत घरी जाणार म्हणाली. मला सवय आहे म्हणाली."

"मग पिकअप घेऊन जा की, शहाण्या."

"तीच म्हणाली, ही आण. हिला नीट उभं राहता येतं का, ते एकदा बघू दे म्हणाली."



ओहायो नदीच्या काठावरच्या या गावातला बुटांचा कारखाना बंद पडला तेव्हा पुरुषांकडे उरलं काय, तर हात आणि राग. दोन्ही त्यांनी गाड्यांवर खर्च केले. दर शनिवारी कारखान्याच्या ओसाड मैदानात बॉनेट उघडून उभं राहायचं, एकमेकांच्या इंजिनांकडे बघून माना डोलवायच्या. बायका घडीच्या खुर्च्यांवर बसून घामाघूम. गाडी जितकी अडखळत, गुरगुरत उभी राहील तितका तिचा मालक मर्द. या गाड्या बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या असतात. आत बसणारीला कोण विचारतो?

टनेल रॅम हा त्या माजाचा कळस. इंजिनाच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा मनोरा, त्यावर दोन कार्ब्युरेटर, बॉनेटला भोक पाडून वर आलेले. शर्यतीच्या पट्टीवर, पॅडल तळाला टेकलेलं असताना, हा मनोरा राक्षसासारखा श्वास ओढतो. पण गावातल्या रस्त्यावर हवा आत रमतगमत येते. पेट्रोल तिच्यातून गळून तळाशी साचतं, प्लग काळे पडतात आणि लाल दिव्याला गाडी खोकून मरते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी बसवतात.

लोवेलनेही बसवला होता. आणि ग्लेनाच्या आईच्या अंत्ययात्रेला, पिकअप दारात उभी असताना, हीच नोव्हा काढली होती. यात्रेत सगळं गाव बघणार होतं ना! दिवे लावलेल्या गाड्यांची रांग शववाहिनीमागून मुंगीच्या पावलाने चाललेली. दफनभूमीच्या टेकडीच्या पायथ्याशी गाडी खोकली आणि मेली. पेट्रोलचा भपका. मागचे चारदोन जण उतरून आले, काळ्या कोटातले, आणि एकाने विचारलं, "वर दोन आहेत का रे?" लोवेलने बॉनेट उघडलं. उघडून दाखवलं! मढं पुढे निघून चाललेलं आणि हा गडी जेटचे, पेट्रोलच्या भोकांचे, नंबर सांगतोय. त्याने मान वर केली तेव्हा ग्लेना काळ्या पोशाखात, बूट हातात घेऊन, एकटी टेकडी चढत होती. ती भांडली नाही. पानगळ सुरू झाली तशी निघून गेली.

तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती. वसंतात ग्लेना बाजारात भेटली, टपरी पुन्हा उघडल्याचं बोलणं निघालं, आणि बोलता बोलता ती फिरायला यायला हो म्हणून गेली.

"एवढी वर्षं सिग्नलला कशी जगवत होतास?" डेन्व्हरने विचारलं.

"रेस चढवून."

"सगळे तेच करतात."

"म्हणून सगळ्यांच्या बंद पडतात. रेसचा स्क्रू पिळत बसलं की आतली झडप उघडी राहते. मग उभ्या गाडीसाठीचं, आयडलिंगचं छिद्र पेट्रोल देतच नाही, भलतीकडूनच ते गळत राहतं. हवा-पेट्रोलच्या मिक्स्चरचा स्क्रू फिरव नाहीतर चमच्याने कॉफी ढवळ, इंजिनाला फरक शून्य."

"हे तुला आधी माहीत होतं?"

"होतं."

"मग?"

"नीट केली असती तर गुरगुर गेली असती."

डेन्व्हर हसला नाही. पोत्याकडे बघून म्हणाला, "आता जाईलच."

"जाऊ दे."

लोवेलने झडपा जवळजवळ मिटवल्या, त्यांत बारीक भोकं पाडली, इंजिनाला हवा तेवढाच श्वास दिला. ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे रेस न पिळताही इंजिन तगून राहील. जेट लहान केले. मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं आधी पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग मागच्या. दोघांचा सुस्कारा सारखा हवा. एक जोरात ओढतोय, दुसरा नुसता उभा आहे, असं चालत नाही. किंचित फिरवायचं, ऐकायचं. पुन्हा फिरवायचं, पुन्हा ऐकायचं. एवढं कान देऊन त्याने आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा नळी कानाला तशीच राहिली आणि स्क्रू ड्रायव्हर हातातच थांबला.

रविवारी दुपारी तो पूल ओलांडून तिच्या दारात गेला. ग्लेना निळा झगा घालून आली. बसताना तिने नाकाने हवा ओढली. पेट्रोलचा वास नव्हता.

"आवाज कुठे गेला हिचा?"

"काढला."

"शनिवारची पोरं काय म्हणतात?"

"डेन्व्हर म्हणतो, पडदे शिव."

ती हसली. ते हसणं त्याने किती काळ ऐकलं नव्हतं! त्याने मुद्दाम रस्त्यावरची नजर हलवली नाही.

पहिला सिग्नल लाल. ग्लेनाने हात डॅशबोर्डवर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. इंजिन एका लयीत फिरत राहिलं. दिवा हिरवा झाला, गाडी न अडखळता निघाली. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला तर ती सिग्नलकडे बघतसुद्धा नव्हती.

पूल ओलांडून त्याच्या कमानीखालून नदीकाठच्या रस्त्याला लागले तेव्हा ती म्हणाली, "इथे बंद पडायची. लग्नाआधी."

"हो."

"साचलेलं पेट्रोल उडून जाईपर्यंत आपण कठड्यावर बसायचो. तू कोलाच्या बाटलीत शेंगदाणे टाकून द्यायचास. केवढं बोलायचास तेव्हा."

"निम्म्या वेळा मीच किल्ली फिरवून बंद करायचो."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"आपणहून मरताना ती खोकायची. तू मारलीस की खोकायची नाही." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मी बोलले नाही कधी. मला बसायचं असायचं."

पुढे काही बोलायच्या आत टपरी आली. गाडी नीट चालली की रस्ता असा पटकन संपतो. आइस्क्रीमसारखं गार कस्टर्ड खाल्लं. लोक होते, ओळखीचे होते, दोघेजण बॉनेटमधून डोकावणाऱ्या मनोऱ्याकडे बघत आलेही. "वर दोन आहेत का?" लोवेल "हं" म्हणाला आणि पाठ फिरवून तिला कागदी रुमाल आणून दिला. ग्लेनाने ते पाहिलं. पाहिलं आणि मान खाली घालून खात राहिली.

परतीला सगळे सिग्नल हिरवे लागले. मेले, एकही लाल नाही.

दाराशी उतरल्यावर ती खिडकीत वाकली. "चांगली केलीस रे. खरंच."

"पुढच्या रविवारी?"

गाडीच्या टपावरून तिने हात फिरवला. "तेव्हा केली असतीस तर, लोवेल." मग सरळ उभी राहिली. "आता कुणालाही बसव हिच्यात. बसेल."

ती पायऱ्या चढून आत गेली. जाळीचं दार लागलं, आतलं उघडंच राहिलं. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज येत होता. म्हणजे तिला इंजिनही ऐकू येत असणार.

लोवेल गियर न टाकता बसून राहिला. आत्ता ही बंद पडली तर? तर दार वाजवता येईल, पाणी मागता येईल, पेट्रोल उडेपर्यंत पायरीवर टेकता येईल. आणि यावेळी तो जेटचे नंबर सांगणार नव्हता. तिच्या आईबद्दल विचारणार होता. त्या टेकडीवर अनवाणी चढताना पाय पोळले का, ते विचारणार होता.

बोटं किल्लीवर गेली. आत नळ बंद झाला.

किल्ली फिरवली तर गाडी खोकल्याशिवाय थांबेल, आणि तिला कळेल. तिला नेहमीच कळायचं.

तो वाट बघत राहिला. दोन्ही कार्ब्युरेटर सारखाच सुस्कारा टाकत होते. इंजिन अडखळेना, खोकेना, मरायला तयार होईना.