मेलेल्यांनी आधी जेवायचं

युद्धावर विनोदी सिनेमा काढणं म्हणजे तारेवरची कसरत, तीही खिदळत. जास्त हसवलं तर मेलेल्यांची थट्टा, कमी हसवलं तर प्रेक्षक पेंगणार. म्हणून दिग्दर्शिकेने एकच माप धरलं होतं: तिचे सख्खे काका. ते सैन्यात होते, आणि लढाईवरून परतल्यापासून त्यांना खळखळून हसताना कुणी पाहिलं नव्हतं. काका हसले तर सिनेमा खरा, नाहीतर गुंडाळायचा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि काका तर पहिल्या दिवसापासून कॅमेऱ्याशेजारी ढिम्म बसलेले.

आज मोठी चकमक होती. बंद कारखान्याच्या आवारात दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. पण सेटवरचा नियम असा की, ज्याचं काम संपलं त्याने आधी जेवायचं. आणि सैनिकाचं काम कधी संपतं? मेल्यावर! पहिली गोळी सुटायचा अवकाश, दोन्ही फौजा धाडकन आडव्या. गोळी झाडणारासुद्धा मेला.

“अरे, निदान शत्रू तरी जगा!” दिग्दर्शिका भोंग्यातून किंचाळली.

“मॅडम, मी छातीवर झेलली,” सेनापती पडल्यापडल्या म्हणाला. “जेवायला काय आहे?”

प्रेतांची पोटं गदागदा हलायला लागली. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि रणांगण रिकामं! आधी कोण मेलं यावरून रांगेत खरी लढाई जुंपली.

काका हसत होते. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दिग्दर्शिका आनंदाने उड्या मारतच त्यांच्याकडे गेली.

“काका, जमलं ना?”

“आमच्याकडे उलटं होतं गं.” काकांनी डोळे पुसले. “सकाळच्या हजेरीप्रमाणे संध्याकाळी जेवण यायचं. तोवर खाणारे कमी झालेले असायचे. त्यांच्या वाटचंही आम्हीच खायचो. आणि खोटं कशाला बोलू, गोड लागायचं.”

तिने कॅमेरावाल्याला नुसती खूण केली, चालू ठेव.

काका उठले, ताट घेतलं आणि रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

“काका, पुढे या की,” सेनापती म्हणाला. “तुम्ही वडीलधारे.”

“नको रे बाबा. नियम म्हणजे नियम. मी जगलोय ना, मी थांबतो.”

रांग खदखदा हसली, काकाही हसले. दिग्दर्शिकेला मात्र रडू आवरेना, आणि कट म्हणायचं राहूनच गेलं.